घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावेत असे, पण फारसे ठाऊक नसलेले चित्रपट सुचवा

शेवटची रांग
सुट्टीच्या रात्री आमच्याकडे ठरलेला वाद: लावायचं काय? प्रेक्षकवर्ग असा आहे: सात वर्षांची लेक, पंधरा वर्षांचा भाचा (डोळे मोबाइलमध्ये, कान इकडे), आम्ही दोघं आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. लेकीचं काही लावलं की भाचा उठून जातो. भाच्याचं लावलं की सासूबाई आत जाऊन पडतात. आणि सासूबाईंच्या आवडीचं लावलं की बाकीचे सगळे पेंगतात.

गाजलेल्या चित्रपटांची यादी आमची केव्हाच संपली. सगळ्यांच्या तोंडी असलेले कृपया नकोत. 'लहान मुलांसाठी' असा शिक्का मारलेलेही शक्यतो नकोत, कारण त्यातली मोठी माणसं बहुतेक वेळा मठ्ठ दाखवलेली असतात आणि ते मुलांनाही कळतं.

सुरुवात माझ्याकडून. 'द वे होम' हा २००२ चा कोरियन चित्रपट. सोलमध्ये वाढलेल्या सात वर्षांच्या सांगवूला त्याची आई डोंगरातल्या खेड्यात आजीकडे सोडून जाते. आजीला बोलता येत नाही, पाठीत पार वाकलेली, आणि नातू पहिल्या नंबरचा हट्टी. व्हिडिओ गेमच्या बॅटऱ्या संपतात म्हणून तो तिची केसांतली पिनसुद्धा चोरतो. त्याला हवं असतं दुकानातलं तळलेलं चिकन. हातवाऱ्यांवरून आजीला एवढंच कळतं की कोंबडी हवी. ती भर पावसातून कोंबडी घेऊन येते आणि उकडून त्याच्यापुढे ठेवते. त्यावर पोराने घातलेला धिंगाणा बघून माझी लेक म्हणाली, "याला एक लगाव ना कुणीतरी." आजीचं काम करणाऱ्या किम उल-बून या बाई अभिनेत्री नव्हत्याच. तोवर त्यांनी एकही चित्रपट पाहिलेला नव्हता.

आमच्याकडे कुणीही न उठता पूर्ण झालेला हा पहिला चित्रपट. असे आणखी हवेत.

दुपारझोप
माझं मत 'द स्ट्रेट स्टोरी'ला, १९९९. दिग्दर्शक डेव्हिड लिंच, आणि हे नाव ऐकून जाणकार दचकतील, कारण बाकी लिंच मुलांसमोर लावायची सोय नाही. हा मात्र डिस्नेने वितरित केला आणि अमेरिकेत त्याला 'सर्वांसाठी' असं प्रमाणपत्र मिळालं.

गोष्ट खरी घडलेली. ॲल्विन स्ट्रेट, वय ७३. नजर अधू झाल्यामुळे गाडीचा परवाना नाही, कंबर कामातून गेलेली. वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावाला झटका आल्याचं कळतं. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जायचं नाही हा हेका. मग हा गवत कापायच्या यंत्राला मागे एक छोटी गाडी जोडतो आणि आयोवातून विस्कॉन्सिनला निघतो. अंतर जवळजवळ चारशे किलोमीटर आणि वेग सायकलवाल्याने सहज मागे टाकावं इतका. १९९४ मध्ये खऱ्या ॲल्विनला या प्रवासाला सहा आठवडे लागले होते.

चित्रपटात एकही दुष्ट माणूस नाही. वाटेत भेटणारी माणसं आपापल्या परीने मदत करतात, थोडं बोलतात आणि मागे राहतात. तरी पुढे काय होणार याची उत्सुकता टिकते, कारण हा म्हातारा आणि ते यंत्र दोन्ही कधी बंद पडतील याचा भरवसा नसतो. रिचर्ड फार्न्सवर्थ यांना या भूमिकेसाठी वयाच्या ७९ व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं. भावाभावांचा अबोला ज्या घरात आहे तिथे जरा जपून लावा. आमच्याकडे वडील शेवटी उठून गॅलरीत गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

काडेपेटी
स्ट्रेट स्टोरी उत्तम आहे, वादच नाही. पण सात वर्षांची मुलगी विसाव्या मिनिटाला झोपेल. पैज.

दुपारझोप
झोपली तर झोपू दे की. यंत्र पहिल्यांदा बंद पडतं तेवढ्यापुरतं उठवायचं.

मोरपंखी
पंधरा आणि सात या वयांना एकत्र बसवायचं तर माझा एक ठोकताळा आहे. पहिल्या दहा मिनिटांत एक वस्तू दिसली पाहिजे, जी कुणाला तरी हवी आहे किंवा कुणाच्या तरी हातून हरवली आहे. हवी ती वस्तू कळली की सात वर्षांचं पोरही गोष्टीत उतरतं, आणि मोठ्यांना त्या वस्तूभोवतीचं बाकीचं जग दिसायला लागतं.

हे इराणी दिग्दर्शकांइतकं कुणाला जमलेलं नाही. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, बहीण-भावात बुटांचा एकच जोड, तो. त्याच्या आधीचे दोन बघा.

'व्हेअर इज द फ्रेंड्स होम', १९८७, अब्बास किआरोस्तामी. अहमद नावाच्या मुलाच्या दप्तरात चुकून वर्गमित्राची वही येते. त्या मित्राने पुन्हा वहीत गृहपाठ केला नाही तर शाळेतून काढीन, असा दम मास्तरांनी त्याच दिवशी भरलेला. मित्र राहतो टेकडीपलीकडच्या गावात, घर माहीत नाही, आणि घरातलं एकही मोठं माणूस याचं म्हणणं पुरतं ऐकून घेत नाही. आई म्हणते आधी अभ्यास कर, मग लगेच म्हणते बाळाला झोका दे. आजोबा नुसतं शिस्तीवर व्याख्यान देतात. आमच्या घरी हा बघताना मोठी माणसं हळूहळू गप्प होत गेली आणि पोरं मात्र चेकाळली, "बघ, बघ, तू पण अस्संच करतेस!" ताण म्हणाल तर एखाद्या रहस्यपटाला लाजवेल. पणाला लागलेली असते एक वही.

दुसरा 'द व्हाइट बलून', १९९५. जाफर पनाहीचा पहिला मोठा चित्रपट, पटकथा किआरोस्तामीची. नववर्ष सुरू व्हायला दीडेक तास उरलाय, एका सात वर्षांच्या मुलीला गुबगुबीत सोनेरी मासा हवाय आणि आईने दिलेली नोट जाळीतून खाली पडते. चित्रपटाची लांबीही जवळजवळ तेवढीच, म्हणजे घड्याळ तिच्यासाठी आणि आपल्यासाठी एकाच वेगाने चालतं. शेवटाकडे पनाही एका वेगळ्याच मुलाकडे कॅमेरा वळवतो. तिथे बंद करून दिवे लावू नका, दोन मिनिटं थांबा. चित्रपटाचं नाव तसं का, हे तेव्हा लक्षात येतं.

याच जातीतला सौदी 'वाज्दा' (२०१२). वस्तू: हिरवी सायकल. मुलींनी सायकल चालवायची नाही म्हणून आई घेऊन देत नाही, तेव्हा ती विकत घेण्यासाठी पोरगी कुराणपठणाच्या स्पर्धेत नाव घालते, बक्षिसाच्या पैशांवर डोळा ठेवून! संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला हा पहिला कथापट, तोही एका बाईने केलेला. हैफा अल-मन्सूर यांना रस्त्यावर पुरुष सहकाऱ्यांत उघडपणे वावरता येत नसे, म्हणून त्यांनी काही दृश्यं गाडीत बसून वॉकीटॉकीवरून दिग्दर्शित केली. तेव्हा त्या देशात चित्रपटगृहं नव्हती. वाज्दाचं काम करणारी मुलगी इतकी बेरकी आहे की पंधरा वर्षांचा भाचा मोबाइल ठेवेल.

सायकलच हवी आणि भाषा आपली हवी तर 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) आहेच. पण तो तुम्ही पाहिला असणार.

शेवटची रांग
मोरपंखी, वहीचा नक्की बघणार. 'एलिझाबेथ' पाहिलाय. आई सायकल विकायला निघते तिथे लेकीने माझा हात दाबून धरला होता.
अडचण एकच, सबटायटल. सासूबाईंना एवढ्या वेगात वाचता येत नाही आणि लेकीचं वाचन आत्ता कुठे सुरू झालंय. 'द वे होम'मध्ये आजी बोलतच नाही म्हणून निभावलं.

काडेपेटी
डब केलेलं बघा, विषय संपला.

मोरपंखी
डबिंग चांगलं असेल तर हरकत नाही. पण या दोन चित्रपटांत मुलांचे आवाज हाच निम्मा चित्रपट आहे. 'व्हाइट बलून'मधल्या त्या मुलीचा रडवेला, चिवट, एकाच पट्टीतला हट्ट डबिंगमध्ये कुणी गोड करून टाकला तर गेलंच सगळं. आमच्याकडे एक जण मोठ्याने वाचतो. प्रत्येक ओळ नाही, गोष्ट पुढे नेणारी तेवढीच. तुमच्या भाच्याला द्या ते काम. मोबाइल आपोआप बाजूला पडेल.

आगगाडी
सबटायटलची कटकटच नको असेल तर न बोलणारे चित्रपट घ्या. यात घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माणूस एकाच पातळीवर येतं.

'शॉन द शीप मूव्ही', २०१५. मातीच्या बाहुल्या इंच इंच हलवून केलेला. माणसं नुसती हुं-हूं करतात, मेंढ्या बें करतात, आणि तरी कथानक भलतंच गुंतागुंतीचं आहे. शेतकऱ्याची स्मृती जाते, हात मात्र मेंढ्यांची लोकर कापायला विसरत नाहीत, आणि तेवढ्या भांडवलावर तो शहरात नामांकित केशकर्तनकार होतो. भाच्यालाही हसू येईल, पैज मी लावतो.

'द रेड बलून', १९५६, फ्रेंच. फक्त ३४ मिनिटं. एक मुलगा आणि त्याच्या मागेमागे फिरणारा लाल फुगा. दिग्दर्शक आल्बेर लामोरिस यांनी आपल्याच मुलाला घेतलं. संवाद जेमतेम, तरी पटकथेचं ऑस्कर मिळालं! शेवटाकडे टवाळ पोरं फुग्याला दगड मारतात, तिथे लहान मुलं हमखास रडतात. त्यापुढचं मी सांगत नाही, पण रडणं फार टिकत नाही.

'फ्लो' (२०२४) आता अनोळखी म्हणता येणार नाही, लाटव्हियाला त्याने पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय. पूर आलेल्या, माणूस नसलेल्या जगात एक मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक कॅपीबारा आणि एक मोठा पक्षी एका होडीत. प्राणी माणसासारखे बोलत नाहीत की नाचत नाहीत, मांजर मांजरासारखंच वागतं. घरात मांजर असेल तर ते पडद्यासमोर येऊन बसतं असं बरेच जण सांगतात. मांजर वारंवार पाण्यात पडतं, जीव घाबरा होतो. भित्र्या मुलांना जवळ घेऊन बसा.

आणि माझा हुकमी पत्ता: बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर', १९२४. पाऊण तासाचा. चित्रपटगृहातला यंत्रचालक झोपतो आणि स्वप्नात चालू चित्रपटाच्या पडद्यात शिरतो. आत गेल्यावर मागचं दृश्य कापलं जातं, पण हा तिथेच. बाकावर बसायला जातो तोवर रस्ता येतो, रस्त्यावर चालतो तोवर कडा. शंभर वर्षांपूर्वी, संगणक नसताना. रेल्वेच्या टाकीतून पाण्याचा लोट अंगावर येतो त्या दृश्यात कीटनच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते त्याला कितीतरी वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळलं. हे भाच्याला आधी सांगा, मग लावा.

काडेपेटी
तुम्ही सगळे हसणारे-खेळणारेच सुचवताय. 'श्वास' कुटुंबाने एकत्र बघू नये का? २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याआधी मराठीला ते मिळालं होतं थेट 'श्यामची आई'ला. मुलांना दुःख दाखवायचंच नाही, ही कसली तऱ्हा?

मोरपंखी
दुःख दाखवू नये असं कुणी म्हटलं? वरच्या निम्म्या चित्रपटांत गरिबी, एकटेपणा, अन्याय सगळं आहे. पण 'श्वास'मध्ये मुलाचे डोळे काढावे लागणार हे त्याला सांगायचं कसं, हाच चित्रपट आहे. सात वर्षांचं मूल तो आजोबांच्या जागेवरून बघत नाही, परशाच्या जागेवरून बघतं. मोठ्यांना त्यातली माया दिसते, त्याला फक्त अंधार दिसतो. बारा-तेराच्या पुढे जरूर दाखवा, आणि नंतर बोलायला वेळ ठेवून.

काडेपेटी
हा मुद्दा मान्य. 'कुणाच्या जागेवरून' हा विचार मी केला नव्हता. पण मग 'किल्ला'ही काढाल का?

मोरपंखी
'किल्ला' नाही काढणार. वडील गेलेत, आईची बदली झालीय, नवं गाव, नवी शाळा; पण गोष्ट मित्रांची आहे आणि बर्लिनला मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिलं होतं. दहाच्या आतल्यांना संथ वाटेल एवढंच.

आगगाडी
यावरून एक धोक्याची सूचना. 'माय नेबर टोटोरो' आवडला म्हणून त्याच जिब्ली स्टुडिओचा म्हणून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावू नका. चित्रं तितकीच सुंदर, पण युद्धात पोरकी झालेली दोन भावंडं उपाशी मरतात. १९८८ मध्ये जपानात हे दोन्ही एकाच तिकिटात, एकापाठोपाठ दाखवले गेले होते. टोटोरो पहिला लागला तर घरी जाताना लोकांचं काय होत असेल!
जिब्लीचाच कमी बोलला जाणारा हवा तर 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' (१९९५). राक्षस नाही, जादू नावापुरती. लिहिण्याची ओढ लागलेली एक शाळकरी मुलगी, ग्रंथालयातली कार्डं आणि परीक्षेत घसरलेले गुण. योशिफुमी कोंदो यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट, १९९८ मध्ये ते गेले. भाच्याच्या वयाचा आहे हा.

बाराखडी
आजवर कुणी 'गुपी गाइन बाघा बाइन'चं नाव घेतलं नाही, कमाल आहे. सत्यजित राय म्हटलं की लोक गंभीर चेहरा करून बसतात. हा त्यांनी मुलगा संदीपच्या हट्टावरून केला, मूळ गोष्ट आजोबा उपेंद्रकिशोर यांची. एक बेसूर गाणारा, एक बेताल ढोल बडवणारा, दोघांनाही गावाने हाकललेलं. जंगलात भुतांचा राजा प्रसन्न होतो आणि तीन वर देतो: टाळी दिली की हवं ते खायला-ल्यायला, जोडे घातले की हवं तिथे, आणि गाणं असं की ऐकणारा जागच्या जागी खिळेल. या तीन वरांवर दोघं जण एक युद्ध थांबवतात.

भुतांचा नाच सहा-साडेसहा मिनिटांचा आहे आणि तसलं काही तुम्ही पाहिलेलं नसणार. चार जातींची भुतं, त्यात गोरे साहेबही, आधी नाचतात आणि मग आपापसांत लढून मरतात. १९६९ चा, कृष्णधवल, शेवट तेवढा रंगीत. बंगाली कळत नसेल तरी गाणी अडत नाहीत. लांबी दोन तास, तेव्हा मध्ये पाणी पिण्याची सुट्टी द्या. आजी आणि नात दोघींनाही भुतं आवडतात हा माझा पक्का समज आहे.

आणि मराठीत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९). ऑस्करसाठी भारतातर्फे गेला म्हणून नाव कानावर असतं, पण घरात बसून बघितलेले कमी. फाळक्यांचं सगळं घरदारच त्या पहिल्या चित्रपटाच्या नादी लागतं ते बघायला मजा येते. मटार उगवतानाची फिल्म काढायची म्हणून कॅमेरा लावून बसलेले फाळके आणि बायकांच्या भूमिकेसाठी मिशा काढायला तयार नसलेले नट! घरातल्या वस्तू विकल्या जात असतात आणि तरी रडगाणं कुठेच नाही. नंदू माधव यांना बघून लहान मुलांना वाटतं की हा माणूस खेळतोय.

दुपारझोप
भाच्यासाठी दोन. 'द कप', १९९९. मठातल्या पोरसवदा भिक्खूंना १९९८ चा फुटबॉल विश्वचषक बघायचाय, मग टीव्ही आणि डिश भाड्याने आणण्याची खटपट. दिग्दर्शक ख्येन्त्से नोर्बू स्वतः लामा, आणि कामं खऱ्याखुऱ्या भिक्खूंनी केलीत.
दुसरा ओझूंचा 'गुड मॉर्निंग', १९५९. दोन भाऊ टीव्हीसाठी हट्ट धरतात, बाप म्हणतो बडबड पुरे. थोरला उलटून विचारतो, मग तुम्ही मोठी माणसं शुभ सकाळ, छान हवा आहे, ही कसली बडबड करता? आणि दोघं भाऊ मौनव्रत धरतात, घरी आणि शाळेतही. अख्ख्या वस्तीत गैरसमज. शिवाय या थोर दिग्दर्शकाने पादण्यावरचे विनोद पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवलेत. सात वर्षांच्या प्रेक्षकाची काळजी मिटली.

मोरपंखी
दुपारझोप, ओझूंच्या चित्रपटाची इतकी प्रामाणिक शिफारस पहिल्यांदाच वाचली.
मी 'द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल' (२००३) जोडते. गोबी वाळवंटातलं खरं कुटुंब. उंटिणीला पहिलं पिल्लू होतं, पांढरंशुभ्र, बाळंतपण फार अवघड जातं आणि ती त्याला जवळ येऊ देत नाही. मग दोन भाऊ उंटांवरून वादक आणायला निघतात. पुढे जे घडतं ते कॅमेऱ्यासमोर घडलेलं आहे. नावावरून कळतंच म्हणा.

लाकडी घोडा
सगळ्यांनी उत्तम सुचवलंय, एक विनंती. लावण्याआधी "यातून खूप शिकण्यासारखं आहे" असं म्हणू नका. आमच्या वडिलांनी हे वाक्य उच्चारलं की आम्ही भावंडं उठून जात असू, आणि त्यात कितीतरी चांगले चित्रपट हुकले. पुरस्कारांची यादीही वाचू नका. भुतं आहेत, एवढं पुरे.

बाराखडी
लाकडी घोडा +१. आणि संपल्या संपल्या "काय आवडलं?" अशी तोंडी परीक्षाही नको.

शेवटची रांग
सगळ्यांचे आभार. काल 'शेरलॉक ज्युनिअर' लावला. मानेच्या हाडाचं भाच्याला आधी सांगितलं होतं, त्यामुळे ती टाकी आली तसा तो पुढे सरकून बसला आणि ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावायला लावलं. लेकीला पडद्यात शिरण्याचा भाग कळला नाही असं मला वाटलं होतं, पण नंतर ती टीव्हीच्या मागे जाऊन बघून आली. कीटन मोटारसायकलच्या हँडलवर बसून जातो तिथे सासूबाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. पुढच्या वेळी वही की भुतं, यावर मतदान होईल.
एकच शंका. आमच्या प्रतीला लावलेलं संगीत फार भडक होतं, सारखं ढणढण. मूळचंच तसं आहे का?

आगगाडी
मूळचं असं काही ध्वनिमुद्रित संगीत नसतंच. मूकपट असल्यामुळे तेव्हा चित्रपटगृहात बसून वाजवत, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं. नंतर निरनिराळ्या संगीतकारांनी आपापलं संगीत दिलं, म्हणून प्रतीप्रतीत फरक. अमेरिकेत हा चित्रपट प्रताधिकारमुक्त झालाय, त्यामुळे प्रतीही भरपूर फिरतात. नुसत्या पियानोवाली शोधा. शिवाय काही प्रतींत पळण्याचा वेग नको इतका वाढवलेला असतो. माणसं मुंग्यांसारखी धावताना दिसली तर ती प्रत सोडून द्या. 'द जनरल' (१९२६) बघाल तेव्हाही हेच तपासा. त्यात जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं, तिथे चित्र स्वच्छ हवं.